संपलेल्या टिपांचा डबा

बारामती एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज अशा मोठ्या कारखान्यांबरोबरच जॉबवर्कच्या छोट्या शेड्स आहेत. तिथे सीएनसी मशिनशेजारी धातू कापून संपलेल्या टिपांचा एक डबा ठेवलेला असतो. मी पाहिला तो ऑइलचा रिकामा डबा होता. त्यात कूलंटने चिकटलेल्या, नखाएवढ्या, सोनेरी नि काळ्या टिपा होत्या. डबा अर्धाही भरला नव्हता, तरी एका हाताने उचलताना खांद्याला ओढ बसली.

टीप टंगस्टन कार्बाइडची असते. टंगस्टन आणि कार्बनच्या संयुगाचे बारीक कण कोबाल्टने धरून ठेवलेले. वजन पोलादाच्या जवळपास दुप्पट. एक कड बोथट झाली की ऑपरेटर स्क्रू ढिला करून टीप फिरवतो, मग उलटी करतो. सगळ्या कडा गेल्या की टीप डब्यात. गेलं किती? भिंगाखाली टोकाशी केसभर झीज दिसते. बाकीचा धातू जिथल्या तिथे.

आणि हा धातू सहज मिळणारा नाही. जगातलं सुमारे ८० टक्के टंगस्टन चीन काढतो; फेब्रुवारी २०२५मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध आणले. राजस्थानातली डेगानाची खाण कधीच बंद पडली. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन आहे, पण ते अजून जमिनीतच. केंद्राने २०२३मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांत टंगस्टन आणि कोबाल्ट दोन्ही आहेत. म्हणून मला तो डबा खाणीइतकाच मोलाचा वाटतो.

टिपा पुन्हा वापरात आणण्याची एक पद्धत फार सुंदर आहे. भट्टीत त्या वितळलेल्या जस्तात ठेवतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, कोबाल्ट फुगतो आणि कणांची पकड सुटते. मग निर्वातात जस्ताची वाफ काढून घेतात. मागे उरतो ठिसूळ गोळा. तो दळला की कार्बाइड आणि कोबाल्टची पूड तयार, नव्या टिपेसाठी. जस्तही परत मिळतं.

पण ही भट्टी काहीच निवडत नाही. आत लोखंड गेलं तर पुडीतही लोखंड येतं. रासायनिक पद्धतीने सगळं शुद्ध करता येतं, मात्र रसायनं आणि ऊर्जा खूप लागते. म्हणजे मालाचा दर्जा ठरतो तो शेडमधल्या डब्यातच.

त्या शेडमधला सेटर टिपा निवडताना मी बराच वेळ बघत उभा होतो. चुंबकाला घट्ट चिकटला तो पोलादी तुकडा, बाजूला. कार्बाइड कोबाल्टमुळे जेमतेम ओढलं जातं. हातात हलकी लागली ती सरमेट किंवा सिरॅमिक. शंका आली की ग्राइंडरवर टेकवायचं: कार्बाइडच्या ठिणग्या आखूड आणि मंद. तुटक्या ड्रिलची पोलादी शेपटी त्याने वेगळी केली.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने अशा महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. तिचा भर प्रकल्पांवर आहे. माझ्या मते त्यातलं थोडं बळ या निवडीच्या टेबलापर्यंत यायला हवं. कारण माल निवडलेला असेल तर भंगारवाला ढिगागणिक वेगळा भाव देतो. सरमिसळ असेल तर सगळ्या डब्याला सर्वांत हलक्या मालाचा भाव लागतो, आणि मग निवडायला कोणी बसत नाही.