जोर-बैठका की वजने? ताकदीचे गणित एकच

अमरावती : आखाड्यातील जोर-बैठका श्रेष्ठ की जिममधील वजने, हा वाद अमरावतीत तरी केवळ चवीचा विषय नाही. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४मध्ये येथे स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. आज त्याच शहरातील तरुण पोलिस भरतीच्या तयारीसाठी जिमची वाट धरतात. दोन्हींपैकी ताकद नेमकी कशाने वाढते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे ठरते.

स्नायूला सवयीपेक्षा अधिक भार पेलावा लागला, की तो त्या भाराशी जुळवून घेतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती प्रामुख्याने मज्जासंस्था अधिक स्नायूतंतू कामाला लावू लागल्यामुळे. स्नायूंची जाडी त्यानंतर ठळकपणे वाढते. मात्र भार तोच राहिला, तर प्रगती थांबते. अमेरिकेतील डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या उपचारात हेच 'वाढत्या भारा'चे तत्त्व पद्धतशीरपणे वापरले.

जोर-बैठकांची मर्यादा

साध्या जोराच्या स्थितीत हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा भार ४० किलोच्या आसपास. नवख्या माणसाला तो पुरेसा असतो. परंतु २० जोरांचे २०० झाले, तरी भार तेवढाच राहतो. वाढतो तो दमसास आणि चिवटपणा. कमाल ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. जुन्या तालमींना हे अनुभवाने ठाऊक होते. जड मुद्गल फिरवणे किंवा जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणे, ही भार वाढवण्याचीच रीत होती. मल्लखांबातही स्वतःचेच वजन पेलायचे असले, तरी पकड आणि शरीराचा ताबा यांचा कस लागतो.

वजनांचा फायदा

लोखंडी वजनांचा मोठा गुण म्हणजे भार मोजून, थोडाथोडा वाढवता येतो. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येते, त्याच्या ६० ते ७० टक्के वजनाने ८ ते १२ आवर्तने नवशिक्यासाठी योग्य मानली जातात. सरावलेल्या व्यक्तीला कमाल ताकदीसाठी ८० टक्के वा त्याहून अधिक वजन, मोजकी आवर्तने आणि दोन संचांमध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती उपयुक्त ठरते. हलक्या वजनाने थकेपर्यंत केलेल्या व्यायामानेही स्नायू भरतात. पण कमाल ताकदीत जड वजन पुढे राहते.

यंत्रांवर हालचालीचा मार्ग ठरलेला असल्याने नवख्याला किंवा ज्येष्ठांना ती सोयीची. मात्र तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना त्यात कमी काम मिळते. रबरी पट्टे स्वस्त आणि घरच्या घरी वापरता येणारे आहेत. परंतु त्यांचा भार नेमका मोजता येत नाही.

निवड कशी करावी?

शरीर ज्या कामाचा सराव करते, त्यातच अधिक तरबेज होते. गोळाफेकीत गुण मिळवू पाहणाऱ्या उमेदवाराने केवळ शेकडो जोर मारून भागणार नाही. त्याला जड वजनांचा आणि प्रत्यक्ष फेकीचा सराव हवा. उलट, ज्याला निरोगी राहायचे आहे, त्याला जोर-बैठकांपासून सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. वयानुसार स्नायू घटत असल्याने चाळिशीनंतर स्त्री-पुरुष दोघांसाठीही तो अधिकच महत्त्वाचा आहे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पद्धत कोणतीही असो, महिन्यापूर्वीपेक्षा आज भार वाढला आहे का आणि स्नायूंना मध्ये पुरेशी विश्रांती मिळते आहे का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल, तर तालीम बदलूनही फरक पडणार नाही.