संगणकावरील कागद व त्यांतील रकाने

स्वतःच्या शेतीसाठीं किंवा संस्थेच्या कामासाठीं आपणांस जे कागद सरकारदरबारीं अगर बँकेंत द्यावे लागतात, ते हल्लीं बहुतेक संगणकावरच लिहिले जातात. घरांतील एखादा शिकलेला मुलगा अर्ज टाइप करून देतो, नाहीं तर तालुक्याच्या गांवीं दुकानांत तो करून घेतात. छापून हातांत आलेला कागद मोत्यासारखा दिसतो. आणि सुंदर दिसतो म्हणून तो बिनचूकही असेल अशी आपली समजूत होते. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. आमचें आयुष्य असलेच कागद घेण्यांत व तपासण्यांत गेलें. ही समजूत किती महाग पडते तें आम्हीं पाहिलें आहे, म्हणून हा लेख.

आमच्या नोकरीच्या अखेरच्या काळांतील गोष्ट. परतीच्या पावसानें सोयाबीन कुजलें होतें. पंचनाम्याच्या यादींत नांवें राहून गेलेल्या त्रेचाळीस खातेदारांनीं मिळून एक अर्ज केला व त्यास यादी जोडली. खातेदाराचें नांव, गट नंबर, क्षेत्र व पीक असे यादीचे चार भाग होते. पण लिहिणाऱ्यानें रकाने आंखले नव्हते. नांव लिहून झालें कीं मोकळ्या जागेची लांब पट्टी दहा-वीस वेळां दाबावयाची व गट नंबर लिहावयाचा, पुन्हां तितकेंच दाबून क्षेत्र लिहावयाचें, असा त्याचा क्रम होता. त्याच्या पडद्यावर सर्व आंकडे एकाखालीं एक सरळ दिसत होते. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तेव्हां तेथें तोच फॉण्ट, म्हणजे अक्षरांचा तोच ठसा, नव्हता. अक्षरांची रुंदी बदलली, लांब नांवांच्या ओळी मोडल्या, आणि एकाचें क्षेत्र दुसऱ्याच्या नांवासमोर जाऊन बसलें. एका विधवा बाईंचें क्षेत्र ०.४० हेक्टर, म्हणजे सुमारें एक एकर, होतें. त्यांच्या नांवासमोर शेजाऱ्याचा ०.०४ हेक्टर हा आंकडा आला. तो चार गुंठ्यांच्या आंतबाहेर होतो.

सातबाराशीं ताडून पाहतां मेळ बसेना. अर्ज परत गेला. दुरुस्त होऊन आला तोही तीच पट्टी दाबून दुरुस्त केलेला, म्हणून पुन्हां परत गेला. तिसऱ्या खेपेस तो मान्य झाला तोंवर रब्बीची पेरणी उरकली होती, आणि बाईंनीं बियाण्यासाठीं उसनवारी केली होती. यांत आमचाही दोष होताच. पहिल्या खेपेस अर्ज आमच्याच टेबलावरून परत गेला, आणि चूक कशानें झाली हें अर्जदारांस समजावून सांगण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं.

मूळ गोष्ट अशी कीं, संगणकाच्या लेखीं मोकळी जागा हें देखील एक अक्षरच होय. आपल्या डोळ्यांस जेथें रकाना दिसतो तेथें यंत्रास नुसतीं वीस कोरीं अक्षरें दिसतात. जुन्या नोंदवह्यांत रकाने छापलेलेच असत, त्यामुळें लिहिणाऱ्याचा हात कितीही वांकडा असला तरी क्षेत्र हें क्षेत्राच्याच रकान्यांत पडे. संगणकांतही असे रकाने आंखतां येतात. त्यास ‘टेबल’ म्हणतात, आपण कोष्टक म्हणूं. १९८३ सालीं निघालेलें मायक्रोसॉफ्टचें ‘वर्ड’ काय किंवा २०१० पासूनचें ‘लिबरऑफिस’ काय, दोहोंत ही सोय आहे. आणि दुसरें तर फुकट मिळतें. किती रकाने व किती ओळी हें सांगितलें कीं चौकटी आंखून मिळतात. नांव लांब असलें तर तें आपल्याच चौकटींत खालच्या ओळीवर उतरतें, शेजारच्या क्षेत्रास धक्का लागत नाहीं.

यादी एका पानांत मावली नाहीं तर पहिली ओळ, म्हणजे रकान्यांचीं शीर्षकें, प्रत्येक पानावर आपोआप पुन्हां यावी अशी आज्ञा देतां येते. ‘वर्ड’मध्यें तिचें नांव ‘रिपीट हेडर रोज’ असें आहे. ती दिली नाहीं म्हणजे दुसऱ्या पानावर नुसते आंकडे उरतात, आणि १२४ हा गट नंबर कीं खाते नंबर हें पाहण्यास वाचणाऱ्यास पान उलटावें लागतें. क्षेत्राचे आंकडे रकान्याच्या उजव्या कडेस लावावे, आणि दशांश चिन्हापुढें सर्वत्र दोन आंकडे लिहावे. १.२ असें कधींही लिहूं नये. शंभर आरांचा एक हेक्टर, तेव्हां १.२ हें कोणी एक हेक्टर वीस आर असें वाचील, तर कोणी एक हेक्टर दोन आर असें वाचील. १.२० अगर १.०२ लिहिलें म्हणजे वादच उरत नाहीं.

दुसऱ्याकडून अर्ज लिहवून घेणाऱ्यांसाठीं एक परीक्षा सांगतों. पडद्यावर वरच्या बाजूस उलट्या रोमन ‘पी’ सारखी एक खूण असते. ती दाबावयास सांगावें. जेथें जेथें मोकळी जागा आहे तेथें बारीक ठिपका उमटतो. दोन शब्दांमध्यें एक ठिपका असणें रास्त. ठिपक्यांची माळच दिसली तर तो कागद घेऊं नये. हे ठिपके छापील कागदावर येत नाहींत, म्हणून पडद्यावरच पाहावें.

‘गट नं.’ ओळीच्या शेवटीं व ‘१२४’ पुढील ओळींत, अशी ताटातूट पुष्कळ अर्जांत दिसते. कंट्रोल व शिफ्ट या दोन कळा धरून मोकळ्या जागेची पट्टी दाबली तर तीं दोन्हीं एकत्र राहतात. नवें पान हवें असतां एंटरची कळ वीस वेळां न दाबतां कंट्रोल धरून एकदांच दाबावी. नाहीं तर वर एक ओळ वाढली कीं खालची सर्व मांडणी सरकते, आणि सह्या तेवढ्या एकट्या शेवटच्या पानावर जाऊन पडतात. नुसत्या सह्यांचें पान कोणत्याही कागदास जोडतां येतें, हें संस्थेचे ठराव लिहिणाऱ्यांनीं विसरूं नये. मजकुराच्या निदान चार ओळी सह्यांच्या पानावर असाव्या, आणि प्रत्येक पानावर ‘५ पैकीं ३’ अशा रीतीनें क्रमांक घालावा. सॉफ्टवेअर तो आपण होऊन घालतें.

आतां फॉण्टाविषयीं. देवनागरीचे कृतिदेवासारखे जे जुने फॉण्ट आहेत, त्यांत मराठी अक्षर हें केवळ सोंग असतें. पडद्यावर ‘क’ दिसतो, यंत्राच्या पोटांत मात्र रोमन ‘डी’ असतो. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली कीं सोंग उतरतें आणि सगळा अर्ज रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ होऊन बसतो. युनिकोड नांवाच्या पद्धतींत १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. त्या पद्धतीचा मंगल, निर्मला, नोटो यांपैकीं कोणताही फॉण्ट चालेल. एक नसला तर दुसरा येतो, पण ‘क’ चा ‘क’ च राहतो. ज्यांचा हात जुन्या टंकयंत्रावर बसला आहे त्यांस नवी कळपाटी प्रथम जाचते. आम्हांसही जाचली.

कागदाचें माप ए-४, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, निवडलें आहे कीं नाहीं तें आरंभींच पाहावें. अमेरिकन ‘लेटर’ माप उंचीस १८ मिलिमीटर कमी असतें, व तें राहून गेलें तर छापतांना मांडणी बिघडते. दुसरीकडे पाठवावयाची प्रत पीडीएफ करून पाठवावी, तींत फॉण्ट सोबत जातो. मात्र मूळ फाइल आपल्यापाशीं जपून ठेवावी, कारण दुरुस्ती तीमध्येंच करावी लागते.

त्या गांवची यादी पुढील वर्षीं पुन्हां आमच्या टेबलावर आली. ती कोष्टकांत होती, शीर्षकें दोन्हीं पानांवर होतीं, बाईंचें क्षेत्र त्यांच्या नांवासमोर ०.४० असें होतें. फक्त एका खातेदाराचें क्षेत्र १.२ असें लिहिलें होतें. या खेपेस आम्हीं अर्ज परत केला नाहीं. फोन करून विचारलें. तें एक हेक्टर दोन आर निघालें.