डी५ वरचं प्यादं मारायचं नाही

आज इव्हान्स गॅम्बिट घेणार होतो. तो आता पुढच्या आठवड्यात. टू नाइट्सवरच्या लेखानंतर एका वडिलांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाववेना. त्यांची मुलगी शालेय स्पर्धा खेळते. काळी मोहरी असली आणि चौथ्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर येऊन बसला, की तिचा डाव बघता बघता कोसळतो. हमखास टिकेल असं एकच उत्तर त्यांना हवंय.

पट मांडा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५. एफ७ वर उंट आणि घोडा दोघांचा रोख, राखणीला एकटा राजा. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादं मारतो. इथवर सगळं ठीक. आता हात आपोआप एफ६ वरच्या घोड्याकडे जातो, कारण गेलेलं प्यादं परत मिळतंय. पण डी५ वर मारलं की पांढरा एफ७ वर अख्खा घोडा देऊन टाकतो. राजाने तो घेतला की एफ३ वरून वजिराचा शह. डी५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. पाठोपाठ घोडा सी३. उंटापुढे जखडलेल्या त्या घोड्यावर आता तिघांचा मारा आहे. पोलेरिओ हा इटालियन खेळाडू १६०० च्या सुमारास हेच खेळत होता. घरी निवांत बसून काळ्याचा राजा जगवता येईलही, पण घड्याळ चालू असताना शाळकरी मुलीकडून ती अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

तेव्हा पाचव्या खेळीला मारायचंच नाही. घोडा सी६ वरून ए५. घोडा काठावर नेऊ नये हे तिला शिकवलेलं असणार. इथे तो उंटाला हुसकायला जातोय. पुढे उंट बी५ शह, सी६, तिथे प्याद्यांची मारामारी, उंट मागे ई२ वर. मग एच६, घोडा एफ३ वर. लगेच ई४, घोडा ई५ वर. आणि उंट डी६, पुन्हा त्याच घोड्याच्या मागे! पांढऱ्याच्या १० खेळ्या मोजा: प्याद्याच्या ३, उंटाच्या ३, घोड्याच्या ४. बाकी सगळी फौज घरातच. त्याच्याकडे एक प्यादं जास्त आहे, पण त्याची किंमत काळ्याने वेळेत वसूल केलीय.

मला हे उत्तर भरवशाचं वाटतं, कारण ऐन वेळी खेळ्यांचा क्रम विसरला तरी विचार आठवतो: जे मोहरं अंगावर आलंय, त्याला पळवत राहायचं. मुलांना भुरळ पडते ती ट्रॅक्सलरची. बोहेमियातल्या या धर्मगुरूने १८९० मध्ये एफ७ उघडं सोडून उंट थेट सी५ वर आणला. घोड्याने एफ७ मारलं की उंट एफ२ वर कोसळतो आणि पटावर वादळ उठतं. पण पांढऱ्याने एफ७ वर उंटानेच मारून शह दिला आणि उंट मागे घेतला, तर काळ्याचं प्यादंही गेलं, किल्लेकोटही गेला. मित्राशी खेळताना जरूर खेळा, स्पर्धेत नको.

एक वाट मात्र तिला दाखवून ठेवा. स्टाइनिट्झ नवव्या खेळीला घोडा एफ३ ऐवजी एच३ वर न्यायचा, म्हणजे ई४ चा दणका बसत नाही. न्यूयॉर्कहून सेंट पीटर्सबर्गच्या चिगोरिनशी तारेने खेळलेल्या सामन्यातही त्याने हेच केलं आणि १८९१ मध्ये तो डाव गमावला. १९६३ मध्ये फिशरने तीच खेळी बिसगायरविरुद्ध काढली आणि जिंकला! अशा वेळी एच३ चा घोडा मारून प्यादी मोडायची घाई नको. पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहतात. उंट सी५, किल्लेकोट, मग काय ते ठरवा. आणि ए५ चा घोडा सवड मिळताच बी७ मार्गे खेळात आणा. काळे डाव हरतात ते बहुधा त्याला तिथेच विसरल्यामुळे.

पत्रात शेवटी विचारलंय, तिसऱ्या खेळीलाच उंट सी५ का नको? जी५ वर वजिराची नजर राहते, घोडा तिथे आला तर फुकट जातो. अगदी बरोबर. पण मग पांढरा बी४ खेळतो. कास्पारोव्हने १९९५ मध्ये रिगाला आनंदला २५ चालींत हरवलं ते याच इव्हान्सने, आणि तो डाव पुढच्या आठवड्यात पहिल्या खेळीपासून पाहू.