औषध एकच, गुण निराळा

दोन रोग्यांस एकच रोग, दोघांचें वय सारखें, औषध एकच आणि मात्राही तीच. तरी एकास उतार पडतो आणि दुसऱ्यास तेंच औषध बाधतें, असें कां व्हावें? हा प्रश्न वैद्यांस फार पूर्वींपासून पडत आला आहे. ‘ज्याची त्याची प्रकृति’ एवढ्या शब्दांत आपले वाडवडील त्याचें उत्तर देत. या ‘प्रकृति’ शब्दाच्या पोटांत काय दडलें आहे, कर्करोगाच्या औषधांबाबत त्याचा शोध कसा चालतो, आणि मोर्शीसारख्या गांवांतील मुलामुलींस त्या कामांत कसें शिरतां येईल, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मोर्शी-वरुडकडील मंडळींस ही गोष्ट बागेच्या दाखल्यानें चटकन पटेल. संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरला काय किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरला काय, फळ संत्र्याचेंच लागतें. परंतु झाडाची वाढ, पाण्याचा ताण सोसण्याची शक्ति, मुळांच्या रोगास तोंड देण्याची ताकद या गोष्टी खुंटाप्रमाणें बदलतात. म्हणून जाणता बागाईतदार नुसती पालवी पाहून थांबत नाहीं. खालीं खुंट कोणता, हेंही विचारतो. माणसाच्या देहांतील खुंट म्हणजे आईबापांकडून आलेलीं जनुकें.

याचें एक उदाहरण घेऊं. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार लहान मुलांत विशेष आढळतो. त्यावर मर्कॅप्टोप्युरिन नांवाची गोळी इतर औषधांच्या जोडीनें पुष्कळ महिने रोज द्यावी लागते. हें औषध गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेंतून निघालें. औषधशोधाच्या कार्याबद्दल त्या दोघांस जेम्स ब्लॅक यांच्यासह १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषधाचें काम झालें कीं त्याचा निचरा करण्याचें काम शरीरांतील कांहीं विकर, म्हणजे डॉक्टर ज्यांस एन्झाइम म्हणतात ते, करीत असतात. ज्या मुलाच्या अंगीं हे विकर उपजतच दुबळे, त्याच्या देहांत औषध सांचत जातें, अस्थिमज्जेंत पांढऱ्या पेशी तयार होईनाशा होतात, आणि साधा ताप जिवावर बेततो. रोगानें नव्हे, तर उपचारानें मूल दगावण्याचा प्रसंग येतो.

असा एक विकर, टी.पी.एम.टी. नांवाचा, माणसामाणसांत आनुवंशिक भेदानें कमीजास्त असतो, हें अमेरिकेंत १९८० सालीं दिसून आलें, आणि पुढें तो पाहून मात्रा ठरवूं लागले. परंतु आशियांतील कित्येक रोगी या कसोटीस उतरूनही त्याच औषधानें बेजार होत. या कोड्याचा उलगडा २०१४ सालीं कोरियांतील संशोधकांनीं केला. एन.यू.डी.टी. १५ या दुसऱ्या जनुकांतील दोष त्याचें कारण होता. हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत विरळा, पण पूर्व आशियांत आणि आपल्या देशांत बराच आढळणारा. ज्या मुलास तो आई व बाप या दोन्हीकडून आला असेल, त्यास नेहमीच्या मात्रेच्या सातव्या-आठव्या हिश्श्यापासूनच आरंभ करावा लागतो. पाश्चात्त्यांनीं आपल्या रोग्यांचें रक्त तपासून मिळवलेलें उत्तर खोटें नव्हतें. तें आपल्यापुरतें अपुरें होतें. आपल्या लोकांविषयींचा प्रश्न आपल्याच लोकांचें रक्त तपासून सोडविला पाहिजे.

दुसरी बाजू खुद्द अर्बुदाची. कर्करोगाच्या पेशींत मूळच्या जनुकांत नवे बदल होतात, आणि कांहीं औषधें नेमक्या त्या बदलावरच घाव घालतात. फुप्फुसाच्या कर्करोगावरील गेफिटिनिब कोणास लागू पडतें, याचें मर्म २००४ सालीं ई.जी.एफ.आर. या जनुकांतील बदलांत सांपडलें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील संशोधकांनीं ९०७ भारतीय रोग्यांची तपासणी करून २०१३ सालीं दाखविलें कीं, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका मुख्य प्रकारांत हा बदल आपल्याकडे शेंकडा सुमारें २३ जणांत असतो. हें प्रमाण युरोपीय लोकांहून अधिक आणि पूर्व आशियाहून कमी. येथेंही उसना आंकडा चालला नसता.

हें काम करणारीं माणसें कोठून येतात? पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचें उदाहरण पाहा. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें डॉक्टर व्हावें ही त्यांची इच्छा. मुलीनें घेतलें वनस्पतिशास्त्र. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांतून १९४३ सालीं त्यांनीं एम.एस्सी. केलें, तें सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून! पुढें मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेंत पेशी जोपासण्याची विद्या साधली, आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत देशांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. झाडाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगाच्या पेशीपर्यंतची वाट त्यांनीं अशी चोखाळली. त्या केंद्राचा वारसा आज नवी मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेंत चालतो.

मोर्शीच्या विद्यार्थ्यास ही वाट बंद नाहीं. बी.एस्सी. गांवींच होऊं शकतें, एम.एस्सी. अमरावतीस. त्यानंतर कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठीं राष्ट्रीय परीक्षा असते. २०२३ च्या आरंभापासून ही शिष्यवृत्ति दरमहा ३७,००० रुपये झाली. पुढें डॉक्टरेटचीं पांच-सहा वर्षें. जीवशास्त्राइतकीच येथें गणिताची व संगणकाची गरज आहे, कारण माणसाच्या वंशलेखांतील सुमारें तीन अब्ज अक्षरांतून एक चुकीचें अक्षर हुडकावयाचें असतें. घरच्यांनीं मात्र एक गोष्ट आधींच समजून असावी: कायमची नोकरी उशिरां मिळते, आणि कित्येक प्रयोग निष्फळ ठरतात.

पण वऱ्हाडच्या मुलास एक भांडवल जन्मतःच मिळालेलें असतें. रोग्याचें रक्त तपासण्याआधीं त्याची संमति लागते, आणि घराण्यांत कोणास काय झालें होतें, हें विचारावें लागतें. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचा अंत १९६८ सालीं कर्करोगानेंच झाला. नागपुरास त्यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. अशा ठिकाणीं खेड्यांतून आलेल्या म्हातारीशीं तिच्या बोलींत बोलून, हें रक्त कशासाठीं हवें तें पटवून देणारा संशोधक नुसता नमुना गोळा करीत नाहीं. तो विश्वास मिळवितो. त्या विश्वासावांचून हें शास्त्र एक पाऊलही पुढें सरकावयाचें नाहीं.

आपल्या घरांतील हुषार मुलीनें वैद्यकाऐवजीं जीवशास्त्राचा हट्ट धरला, तर तिला लगेच परावृत्त करूं नये. एका मुलासाठीं गोळीचा योग्य हिस्सा ठरविणें हेंही रोग्याच्या उशाशीं बसण्याइतकेंच वैद्याचें काम आहे; फक्त तें प्रयोगशाळेंत बसून करावयाचें असतें.