फुकट अँटीव्हायरसचे बिल कोण भरते?

ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर लागते. रस्त्यावर मेट्रोचे खांब, आत गोदामांच्या रांगा आणि त्या रांगांमध्येच उभ्या राहिलेल्या रहिवासी इमारती. अशा वस्तीतल्या घरात जो एक कॉम्प्युटर असतो त्याला बहुधा एकच काम नसते. त्यावर ट्रान्सपोर्टची बिले निघतात, ई-वे बिल भरले जाते, मुलांचा प्रोजेक्ट होतो आणि रात्री कुणीतरी त्यावरच सिनेमा लावते. मशीन पुष्कळदा सेकंड-हँड असते. ते सुरू करून द्यायला येणाऱ्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: अँटीव्हायरस कुठला टाकू, फुकटातला चांगला कुठला? पूर्वी हा प्रश्न रास्त होता. आता त्याचे उत्तर त्या मशीनमध्येच बसलेले असते, आणि तरीही बाहेरून आणखी एक फुकट अँटीव्हायरस आणून टाकण्यात फायदा थोडा आणि धोका थोडा अधिक असतो, असे माझे मत आहे. ते का, हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न रास्त का होता, हे आधी पाहू. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जातो. तो फ्लॉपीतून फिरायचा. अशा व्हायरसांवर उतारा काढणारे आपल्याकडचे सर्वांत ठळक नावही दोन भावांचेच. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून कॉम्प्युटर दुरुस्तीत आले, धाकटे संजय काटकर कॉम्प्युटर शिकत होते, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांतले व्हायरस काढता काढता १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ तयार झाले. त्या काळात विंडोज स्वतःचे रक्षण करत नव्हती, त्यामुळे वेगळा अँटीव्हायरस घेणे भागच होते. मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ हा फुकट अँटीव्हायरस २००९ मध्ये दिला, तोही आपण होऊन उतरवून घ्यावा लागे. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि पूर्ण अँटीव्हायरस, डिफेंडर या नावाने, विंडोजच्याच पोटात आला. विंडोज १० आणि ११ मध्ये तो पहिल्या दिवसापासून चालू असतो. सवय मात्र फ्लॉपीच्या काळातलीच राहिली.

‘पण तो कुचकामी आहे,’ हा पहिला आक्षेप. हा आक्षेप हवेतून आलेला नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरसना संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता अशा तीन रकान्यांत प्रत्येकी सहा, म्हणजे एकूण अठरा गुण देते. २०१३-१४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टला संरक्षणाच्या रकान्यात चक्क शून्य मिळाले होते. कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी आज जी निंदा ऐकू येते ती तेव्हाची. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या कामावर बराच जोर लावला आणि गेली काही वर्षे त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडर पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण घेतो आहे. त्याच्यात उणिवा नाहीत असे नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत दिसते की इंटरनेट बंद असताना त्याची पकड काही स्पर्धकांपेक्षा ढिली पडते, कारण बराचसा निकाल तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून लावतो. शिवाय पुष्कळ फाइली एकदम कॉपी करताना जुने मशीन त्याच्यामुळे रेंगाळते. ज्याच्याकडे नेट नसते आणि ज्याचा सगळा व्यवहार पेनड्राइव्हवर चालतो, त्याने हे लक्षात घ्यावे. घराघरांत वायफाय असलेल्या इमारतीत या उणिवेचे वजन फार नाही.

आता बाहेरच्या फुकट अँटीव्हायरसकडे येऊ. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत म्हणतो, पण रोज नवे व्हायरस तपासायला माणसे आणि सर्व्हर लागतात, आणि त्यांचे पगार नि भाडे कुणीतरी देतच असते. बहुतेक कंपन्या हा खर्च ‘आता पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या’ अशा खिडक्या दर दोन दिवसांनी उघडून वसूल करतात. हा त्रास आहे, फसवणूक नव्हे. अवास्टची गोष्ट वेगळी. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फुकट अँटीव्हायरसपैकी हा एक. लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती तो गोळा करत होता आणि कंपनीची जम्पशॉट ही शाखा ती दुसऱ्या कंपन्यांना विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. कमिशनच्या तक्रारीतला कळीचा मुद्दा असा की पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो असे सांगूनच हे सॉफ्टवेअर लोकांच्या मशीनमध्ये शिरले होते.

यावर कुणी म्हणेल, मग अवास्ट नको, दुसरे घेऊ. घ्यावे, पण पाटी बदलली म्हणून मालक बदललेला असेलच असे नाही. एव्हीजी २०१६ मध्ये अवास्टने विकत घेतले. अविरा नॉर्टनकडे गेले. २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्ट एक झाले आणि त्या एकत्रित कंपनीचे नाव आता जेन डिजिटल आहे. म्हणजे अवास्ट, एव्हीजी आणि अविरा यांत तासभर तुलना करणारा माणूस एकाच घरातल्या तीन खोल्यांची तुलना करत असतो. आज ही कंपनी काही वाईट करते आहे असा माझा दावा नाही. पण जिच्या फुकट मालाचा हा इतिहास आहे, तिला आपण मशीनमधली सर्वांत वरची परवानगी देतो. अँटीव्हायरसला प्रत्येक फाइल उघडावी लागते, प्रत्येक साइट पाहावी लागते. इतका अधिकार आपण दुसऱ्या सॉफ्टवेअरला क्वचितच देतो.

हा अधिकारच कधी उलटतो. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचे ई-स्कॅन हे भारतातले जुने आणि नावाजलेले अँटीव्हायरस. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार त्याचे अपडेट कूटबद्ध न करता येत होते, आणि वाटेत बसलेल्या हल्लेखोरांनी त्या अपडेटच्या जागी आपला माल सरकवला होता. कंपनीने ती फट २०२३ मध्ये बुजवली. गंमत म्हणजे हा अहवाल लिहिणारी कंपनी अवास्टच होती, आणि तो चांगल्या कामाचा नमुना होता. कोण वाईट नि कोण चांगला असा निवाडा इथे करायचा नाही. मशीनवर आपण आणलेले प्रत्येक नवे सॉफ्टवेअर आणखी एका कंपनीवर टाकलेला भरवसा असतो. विंडोज वापरतो म्हणजे मायक्रोसॉफ्टवर तो आधीच टाकलेला आहे; त्यात दुसरी कंपनी मिळवायची तर तिने काहीतरी जास्त द्यायला हवे.

गोदामांच्या या पट्ट्याला याहून मोठे उदाहरण माहीत असायला हवे, कारण इथल्या मालाचा बंदराशी रोजचा संबंध. २७ जून २०१७ रोजी जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्सचे काम ठप्प झाले. ते टर्मिनल मार्स्क समूहाच्या कंपनीचे, आणि मार्स्कचे जगभरचे कॉम्प्युटर नॉटपेट्या या हल्ल्यात बंद पडले होते. तो हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मार्स्ककडे महागडी सुरक्षा नव्हती असे कोण म्हणेल? त्याआधी मे महिन्यात आलेला वॉनाक्राय हा हल्लाही तसाच धडा शिकवून गेला: ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, लावले नव्हते ते अडकले. गोदामाला वॉचमन असतोच, पण शटर वर ठेवून वॉचमन बदलत बसले तर माल राहत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर हे शटर वर कोण ठेवते? बहुतेक वेळा आपणच, आणि तेही पैसे वाचवायला. ‘विंडोज मारून देतो’ म्हणणारा मुलगा शे-दोनशे रुपयांत जी विंडोज टाकतो ती चालू करायला केएमएस नावाचे एखादे अ‍ॅक्टिव्हेटर वापरलेले असते. अशा क्रॅकबरोबर येणारी सूचनांची छोटी फाइल उघडून पाहावी. तिची पहिली ओळ बहुधा हीच असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवले की केएमएसपिको या नावाने फिरणाऱ्या फाइलींतून क्रिप्टबॉट नावाचा चोर पसरवला जात होता, जो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो पाकिटे उचलतो. इथे अँटीव्हायरस फुकटचा होता की विकतचा, याला अर्थच उरत नाही. मालकानेच तो बंद केलेला असतो.

म्हणून नवे काही उतरवून घेण्यापूर्वी पाच मिनिटे विंडोज सिक्युरिटी उघडून बघावी. घड्याळाजवळच्या ढालीच्या चित्रावर क्लिक केले की ती उघडते. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते. तिच्यातल्या फोल्डरांकडे डिफेंडर ढुंकूनही पाहत नाही. ही यादी रिकामी असायला हवी. सेकंड-हँड मशीनमध्ये तिथे आख्खी सी ड्राइव्ह लिहिलेली आढळली, तर आजवर त्या मशीनची राखण झालेलीच नाही असे समजावे आणि अस्सल विंडोज नव्याने टाकून घ्यावी. त्याच पानावर रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून, ठरावीक फोल्डर वाचवणारी सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू केल्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर एखादवेळी कुरकुरते, त्याला या सोयीच्या वेगळ्या यादीत घालून परवानगी द्यावी लागते. नव्या लॅपटॉपवर चाचणीपुरता आलेला अँटीव्हायरस असेल तर तोही पाहावा. तो असेपर्यंत डिफेंडर मागे सरलेला असतो. मुदत संपल्यावर एकतर पैसे भरावेत किंवा तो रीतसर काढून टाकावा, नुसता लटकत ठेवू नये. आणि दोन अँटीव्हायरस एकत्र चालवले की दुप्पट संरक्षण मिळते, ही समजूत सोडावी. ते एकमेकांच्या फाइलींवर संशय घेत बसतात आणि मशीन कण्हू लागते.

अडचणीचा भाग जुन्या मशीनांचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे सेकंड-हँड बाजारातली पुष्कळ मशीने बाद होतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अपडेटची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती पैशाविना मिळते. विचित्र गोष्ट अशी की विंडोज १० वरच्या डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणजे अँटीव्हायरस ताजा आणि खालची विंडोज शिळी, अशी अवस्था येणार. तेव्हा ‘ढालीवर हिरवी खूण दिसतेय की’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला बाहेरचा कोणताही फुकट अँटीव्हायरस वाचवू शकणार नाही, कारण विंडोजची फट अँटीव्हायरसने बुजत नाही. अशा मशीनवर फक्त अभ्यास आणि ब्राउझर चालवायचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावी. ती खरोखर फुकट आहे, आणि जुन्या मशीनवर बरी चालते. टॅली चालवायची असेल तर मात्र मशीन बदलण्याचा खर्च अंगावर घ्यावाच लागेल.

आणखी एक आक्षेप राहतो आणि तो मला वजनदार वाटतो: परदेशी कंपनीवर सगळी भिस्त का, पुण्याची कंपनी असताना? ज्याला वर्षाला पैसे भरायचे आहेत, मराठीत बोलणारा माणूस फोनवर हवा आहे, मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन हवे आहे, त्याने क्विक हील खुशाल घ्यावे. पैसे भरणारा ग्राहक असला की कंपनीला दुसरीकडे कमाई शोधायची गरज कमी पडते. फुकटात हवे असेल तर सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र आहे. फेब्रुवारी २०१७ पासून ते चालते आणि मशीन बाधित झाले असेल तर साफ करायची साधने देशी कंपन्यांच्या मदतीने फुकट देते. ती साधने सफाईसाठी आहेत, रोजच्या राखणीसाठी नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. आणि ज्या घरात त्याच मशीनवर ट्रान्सपोर्टचा धंदा चालतो तिथे एक अट नजरेआड होते: बहुतेक फुकट अँटीव्हायरसचा परवाना घरगुती वापरापुरताच असतो. धंद्याची बिले काढणारे मशीन त्यात बसत नाही. तिथे डिफेंडर तरी वापरावा किंवा विकतचा तरी घ्यावा.

कुठलाही अँटीव्हायरस ओटीपी सांगणाऱ्याचे तोंड धरत नाही, आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून मशीन दुरून चालवू देणारे एनीडेस्क उतरवून घेतले तर तो ते कायदेशीर सॉफ्टवेअर म्हणून सोडूनही देतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. फाइलींसाठी उपाय याहून साधा आहे. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्यावी. आठवड्यातून एकदा बिलांचा आणि टॅलीचा डेटा तिच्यावर घ्यावा आणि वायर काढून ती कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते.