पट्टी किती इंची घ्यावी?

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या बागांत आंबे-फणस आडवे केले, तेव्हा चेनसॉ ही किती गरजेची वस्तू आहे ते कळलं. दुकानात गेलं की लांब पट्टीचा (साखळी जिच्यावर फिरते ती) मोह होतो. तो आवरा. बंबाला आणि चुलीला लागणारी फाटी बहुतेक वीतभर जाडीच्या फांद्यांची निघतात. त्यांना १६ इंची पट्टी आणि ४० ते ५० सीसीचं इंजिन पुरतं. पट्टी ओंडक्याच्या जाडीपेक्षा दोनेक इंच जास्त असावी, एवढंच. आंब्याचा जाड बुंधा कधीतरीच येतो, तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. छोट्या इंजिनावर लांब पट्टी चढवली तर साखळी लाकडात अडते, हात भरून येतात.

कापताना खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा, कानस लावा.

आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला कधीही टेकू देऊ नका. यंत्र उसळून थेट तोंडावर येतं.