तंबाखू गेली, ऊस आला, विहिरीचं काय?

कर्नाटकातल्या निपाणीचा माळ एकेकाळी तंबाखूचा. 1981 साली इथल्या तंबाखू उत्पादकांनी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठं आंदोलन केलं. तंबाखू पावसावर नि जमिनीतल्या ओलीवर यायची. पुढे वेदगंगा-दूधगंगा नद्यांचं पाणी शिवारात खेळलं तसा ऊस वाढला.

बदल नुसता पिकाचा नाही. तरुण माणसं कागल, कोल्हापूर, बेळगावच्या कारखान्यांत कामाला जातात. भांगलणीला बाया मिळत नाहीत, म्हणून तणनाशक फवारलं जातं. बैल गेले, गोठा आटला, शेणखत कमी पडलं. मग युरियाची पोती वाढली. युरियात 46 टक्के नत्र असतं. सुट्टीच्या दिवशी घाईनं सगळा हप्ता एकदम विस्कटून मोकाट पाणी सोडलं, की पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं नि विहिरीत उतरतं. चिकण काळी मातीही त्याला धरून ठेवत नाही.

हे नायट्रेट रंग-वास देत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे तान्ह्या बाळांना सर्वाधिक धोका. पाणी उकळून ते जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. हे घराघरांत ठाऊक असायलाच हवं.

नोकरी सांभाळून शेती करणाऱ्याला दोष देणं अन्यायाचं आहे. त्याला ठिबकमधून थोडं-थोडं खत देणं, पाचट न जाळता सरीत कुजवणं, विहिरीचं पाणी तपासून घेणं जमू शकतं. ठिबकचा पहिला खर्च मात्र लहान शेतकऱ्याला एकट्यानं पेलवत नाही.